सुगंधी तेले आणि सूक्ष्मजंतू

पुणे-मुंबई मार्गावर खंडाळ्याच्या घाटात १८३० साली बांधलेला एक दगडी पूल होता. एप्रिल २०२० मध्ये तो पाडण्यात आला. तरीही लोकांच्या बोलण्यात तो अजून ‘अमृतांजन पूल’ म्हणूनच येतो. डोकेदुखीवरील मलमाची जाहिरात तेथे झळकत असे, त्यावरून हे नाव पडले. कासिनाधुनी नागेश्वरराव पंतुलू यांनी हा उद्योग १८९३ मध्ये मुंबईत सुरू केला आणि १९१४ मध्ये तो मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, नेला. अशा मलमांत कापूर, पुदिन्याचे फूल, निलगिरीचे तेल हे घटक असतात. यांच्या उग्र वासानेच रोगजंतू मरतात, असा समज घरोघरी आढळतो. तो कितपत खरा आहे?

मराठीत ज्या झाडाला निलगिरी म्हणतात, ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८४३ च्या सुमारास ते तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावर लावले गेले आणि पर्वताचेच नाव झाडाला चिकटले. त्याचा पाला बंद भांड्यात भरून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेलही उडून येते. वाफ थंड केली की पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते. (लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते.) या तेलांना ‘बाष्पनशील तेले’ म्हणतात. खोबरेल तेलाचा थेंब कागदावर कायमचा डाग ठेवतो. निलगिरीच्या तेलाचा डाग थोड्या वेळाने जवळजवळ नाहीसा होतो.

वनस्पती ही द्रव्ये माणसासाठी तयार करीत नाहीत. कीड, बुरशी आणि जंतू यांच्यापासून स्वतःचे रक्षण करण्यास त्यांचा उपयोग होतो. ओव्यातील थायमॉल, म्हणजे ‘ओव्याचे फूल’, आणि लवंगेतील युजेनॉल ही त्यांतील प्रभावी द्रव्ये होत. जंतूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. तेलात तेल मिसळावे तशी ही द्रव्ये त्या आवरणात शिरतात आणि ते सैल करतात. मग पेशीतील पोटॅशियमसारखी आवश्यक द्रव्ये बाहेर झिरपतात व जंतू मरतो. काही जंतूंना मात्र याबाहेर आणखी एक आवरण असते. त्यांच्यावर या तेलांचा प्रभाव पुष्कळदा कमी पडतो. जखमा चिघळविणारा स्यूडोमोनास हा जंतू याबाबतीत विशेष चिवट आहे.

प्रयोगशाळेत याची परीक्षा सोप्या रीतीने होते. काचेच्या उथळ बशीत जंतूंचे खाद्य पसरून त्यावर जंतू वाढवितात आणि तेलात भिजविलेली कागदाची लहान चकती मध्ये ठेवतात. चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, तर तेल प्रभावी ठरते. वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. ही पद्धत स्वस्त असल्याने असे अहवाल विपुल निघतात. पण तेल पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून वर्तुळाच्या रुंदीवर फार विसंबून चालत नाही. शिवाय बशीतील जंतूंना थेट तेलच मिळते. शरीरात मात्र पोटात गेलेले द्रव्य यकृतात बदलते, रक्तात विरळ होते. जंतू मारण्याइतकी मात्रा तेथे टिकवायची, तर बहुधा माणसालाच अपाय होईल.

हा अपाय काल्पनिक नाही. निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी अनेक देशांतील वैद्यकीय ग्रंथांत आहेत. दक्षिण भारतातील डॉक्टरांनी मोठ्यांमध्येही अशी उदाहरणे नोंदविली आहेत. ‘नैसर्गिक’ या शब्दाने कोणत्याही बाटलीतील द्रव्य सौम्य होत नाही. म्हणून अशी बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि चुकून तेल पोटात गेल्यास मुलाला ओकारी काढावयास न लावता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

बाहेरून, बेताने वापरले असता या तेलांचे उपयोग खरे आहेत. दंतवैद्य लवंगेतील युजेनॉल जस्ताच्या भस्मासारख्या पांढऱ्या भुकटीत, झिंक ऑक्साइडमध्ये, कालवून दाताची तात्पुरती पोकळी भरतात. तोंड धुण्याच्या काही औषधांतही थायमॉल असते. परंतु न्यूमोनिया, क्षय किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांवर प्रतिजैविकांऐवजी तेल चोळणे म्हणजे उपचाराचा मोलाचा वेळ घालविणे होय.

प्रतिजैविकांचीही शक्ती अनिर्बंध वापरामुळे क्षीण होत आहे. चेन्नईतच ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन याविषयी विचार केला; त्यातून ‘चेन्नई जाहीरनामा’ तयार झाला. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही औषधांची नवी सूची देशभर लागू झाली. तिच्यातील प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. औषध, रुग्ण आणि डॉक्टर यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.