प्रवासाचे इंग्रजी शब्द व त्यांचा उपयोग

रोग्यास घेऊन तामिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आपल्या मंडळ्यांतील कुटुंबांवर कधीकधी येतो. डॉ. आयडा स्कडर ह्यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून आरंभिलेली ही संस्था आमच्या वाचकांस अपरिचित नाही. तेथे आपली मराठी फारशी चालत नाही, आणि तमिळ आपणांस येत नाही. तेव्हा इंग्रजीचे चार शब्द हाच काय तो आधार उरतो. ते चार शब्द जागच्या जागी पडले नाहीत तर काटपाडीचे स्थानक मागे पडावयाचे आणि रोग्यासह पुढच्या स्थानकावर रात्र काढावयाची. म्हणून आजच्या पाठास प्रवासाचा विषय घेतला आहे.

आपल्या भाषेत ‘प्रवास’ ह्या एका शब्दाने सर्व काम भागते. इंग्रजीत तसे नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे ती ‘जर्नी’. हा शब्द दिवस ह्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला असून एका दिवसात जितकी वाट चालून होईल तितकी, असा त्याचा मूळचा अर्थ होता. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरीया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेल्यावर बाळ येशूचा शोध करू लागली, तेथे इंग्रजीत हाच शब्द आहे. समुद्रावरील लांबचा प्रवास तो ‘व्हॉयेज’. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातील पौलाचा प्रवास तो हाच. थोडक्या कामासाठी जाऊन परत येणे ती ‘ट्रिप’, व गावोगाव फिरणे ती ‘टूर’. ‘ट्रॅव्हल’ हे सर्वसामान्य नाव आहे. त्यामागे ‘अ’ लावून ‘अ ट्रॅव्हल’ म्हणू नये. कष्ट ह्या अर्थाच्या शब्दापासून ते निघाले आहे, आणि गर्दीच्या डब्यात उभ्याने गेलेल्यास ह्याचे नवल वाटणार नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. आपल्यापैकी कित्येक जण इंग्रजी शिकण्यासाठी १६११ सालचे जुने इंग्रजी शास्त्र वाचतात. वाचन उत्तमच, परंतु तेथील शब्द स्थानकावर जसेच्या तसे वापरता येत नाहीत. कृत्ये २१:१५ ह्या वचनात पौल व त्याचे सोबती आपले ‘कॅरिजेस’ घेऊन यरुशलेमेस निघाले असे आहे. आज ‘कॅरिज’ म्हणजे घोडागाडी किंवा आगगाडीचा डबा. तेव्हा तो शब्द वाचून पौलाजवळ गाड्या होत्या असे कोणास वाटेल. त्या काळी त्याचा अर्थ केवळ सामान असा होता. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरात तेथे ‘बॅगेज’ हा शब्द घातला आहे. आज सामानास ‘लगेज’ अथवा ‘बॅगेज’ म्हणावे. ह्या दोहोंचे अनेकवचन होत नाही. तीन नग असले तर ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’, नाही तर साधे ‘थ्री बॅग्ज’.

आता आपल्या लोकांची नेहमीची अडचण. आपण म्हणतो, ‘माझी गाडी चुकली.’ आपल्या भाषेत चुकते ती गाडी. इंग्रजीत मात्र चुकतो तो उतारू! म्हणून ‘माय ट्रेन मिस्ड’ असे न म्हणता ‘आय मिस्ड द ट्रेन’ असे म्हणावयाचे. तसेच ‘पुण्याला पोचलो’ ह्यातील ‘ला’ पाहून ‘रीच्ड टू पुणे’ असे पुष्कळ जण बोलतात. ‘रीच’ च्या पुढे ‘टू’ नको. आगगाडीतून व बसमधून उतरणे ते ‘गेट ऑफ’, आणि मोटारीतून किंवा रिक्षातून उतरणे ते ‘गेट आउट’. ‘गेट डाउन’ आपल्या देशात सर्वांस समजते, त्यामुळे ते कोणी वापरले तर त्यास हसू नये. परदेशी जाणाऱ्याने मात्र ही सवय सोडावी.

तिकिटावरील शब्द थोडे, पण महत्त्वाचे. ‘कन्फर्म्ड’ म्हणजे जागा नक्की झाली. ‘आर. ए. सी.’ म्हणजे डब्यात बसावयास जागा मिळाली, निजावयाची अद्याप नाही. ‘वेटिंग लिस्ट’ म्हणजे काहीच नक्की नाही. रोग्यास घेऊन अशा तिकिटाच्या भरवशावर निघू नये.

सभ्यपणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपण ‘सांगा’, ‘सांगाल काय’, ‘आपण’ अशा रूपांनी मान देतो. इंग्रजीत राजालाही ‘यू’ आणि हमालालाही ‘यू’. म्हणून तेथील आदर इतर शब्दांत ठेवावा लागतो. ‘व्हेअर इज द वेटिंग रूम?’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण अनोळखी माणसास थोडे तुटक वाटते. ‘एक्स्क्यूज मी, कुड यू टेल मी व्हेअर द वेटिंग रूम इज?’ असे विचारावे. ह्यात ‘इज’ शेवटी गेला, हे ध्यानात ठेवावे. आपण अनोळख्यासही काका, मावशी म्हणतो. परदेशात मात्र ‘एक्स्क्यूज मी’ एवढ्यानेच काम होते.

निरोप घेताना आपण ‘जातो’ हा शब्द अशुभ मानून ‘येतो’ म्हणतो. त्याचे ‘आय ॲम कमिंग’ असे भाषांतर केल्यास यजमान तुमची वाट पाहात बसेल. ‘आय मस्ट बी गोइंग नाऊ’ असे म्हणून मग ‘गुडबाय’ म्हणावे. हा शब्द ‘देव तुम्हांबरोबर असो’ ह्या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचा संक्षेप आहे.

अभ्यासासाठी पुढील वाक्यांचे इंग्रजी करावे व तरुणांच्या सभेत एकमेकांस म्हणून दाखवावे: आम्ही पहाटे काटपाडीस पोचलो. आमची गाडी चुकली. दुसरी केव्हा आहे? आमच्याजवळ दोन नग सामान आहे. रुग्णालयासाठी कोठे उतरावे, हे आपण कृपा करून सांगाल काय?