‘दिवसाआड’ : अर्थ व उपयोग

कालवाचक क्रियाविशेषणांचे कालदर्शक, सातत्यदर्शक व आवृत्तिदर्शक असे पोटप्रकार आपण शिकवितो. आवृत्तिदर्शकांची उदाहरणे देताना ‘वारंवार’, ‘पुनःपुन्हा’, ‘दररोज’ एवढ्यावरच बहुधा थांबतो. ‘दिवसाआड’ हा शब्द व्यवहारात त्या तिन्हींहून जोखमीचा आहे. त्यास अर्धी तासिका अवश्य द्यावी. नळास पाणी दिवसाआड येईल, जखमेची पट्टी दिवसाआड बदलावी, हे निरोप पुष्कळदा मूलच घरी पोहोचविते.

‘आड’ म्हणजे मध्ये. सोमवारी एक गोष्ट घडली, मंगळवार आड गेला, बुधवारी ती पुन्हा घडली. ‘एक दिवसाआड’ याचाही अर्थ हाच. ‘एकांतर’ या संस्कृत शब्दाची घडण तशीच आहे. ‘दोन दिवसांआड’ म्हटले की मंगळवार व बुधवार हे दोन्ही आड जातात आणि पाळी गुरुवारी येते. ‘दर दोन दिवसांनी’ म्हटल्यास मात्र ती बुधवारीच येते. येथे मुले हटकून गोंधळतात, आणि मोठी माणसेही. ‘तिसऱ्या दिवशी’ याने आणखी घोटाळा होतो, कारण पहिला दिवस मोजणीत धरावा की नाही हे तो शब्द सांगत नाही. आयुर्वेदात एक दिवस मध्ये सोडून येणाऱ्या तापास ‘तृतीयक’ व दोन दिवस सोडून येणाऱ्यास ‘चतुर्थक’ म्हणतात. तेथे पहिला दिवस धरलेला आहे. ‘आड’ केवळ मधले दिवस मोजावयास लावतो, म्हणून तो अधिक नेमका.

फलकावर लागोपाठ दोन आठवड्यांचे वार लिहावेत व सोमवारपासून दिवसाआड येणाऱ्या वारांवर खुणा करवून घ्याव्यात. सोम, बुध, शुक्र, रवि. पुढील आठवड्यात मंगळ, गुरु, शनि. आठवड्याचे दिवस सात, म्हणून वार सरकतात. ‘दिवसाआड’ आणि ‘आठवड्यातून तीनदा’ यांतील हा भेद मुलांच्या लक्षात आपोआप येतो. क्षयरोगाची औषधे सरकारी कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीनदा दिली जात. २०१७ पासून ती दररोज देण्याचा क्रम देशभर सुरू झाला. एका क्रियाविशेषणाच्या बदलाने रुग्णाच्या गोळ्यांचा सारा हिशेब बदलतो.

‘आड’ केवळ दिवसास लागतो असे नाही. हापूस आंबा बहुधा वर्षाआड चांगला धरतो, हे कोकणातील मुलास सांगावे लागत नाही. मुंबई उपनगरातील मढसारख्या कोळीवाड्यात तर समुद्राचेच उदाहरण घ्यावे. उधाणाची भरती अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास, म्हणजे दर पंधरवड्याला येते. तिला ‘पंधरवड्याआड’ म्हटले तर मधले एक उधाण गळते व महिन्यास एकच उरते. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. उधाण कोणते व भांग कोणती हे ज्याच्या घरी रोज बोलले जाते, तो मुलगा ही चूक तत्काळ पकडील. त्यालाच ‘भरती दररोज दोनदा येते’ हे वाक्य तपासावयास द्यावे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि एखाद्या दिवशी दुसरी भरती मध्यरात्र ओलांडून जाते. व्याकरणाच्या तासास एवढा भूगोल आला तर तो येऊ द्यावा.

गृहपाठास अर्थ लिहावयास न देता वार काढावयास द्यावेत : बुधवारी पट्टी बांधली, ती दोन दिवसांआड बदलावयाची आहे, पुढील तीन वार कोणते?