मोबाईल फोडू नका, पुरावा जपा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील अकरावीची एक मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मोबाईल माझ्या हातात दिला. कोणीतरी तिच्या नावाने खोटे खाते उघडून तिचा चेहरा एका अश्लील फोटोवर चिकटवला होता. सोबत धमकी होती : “भेटायला आली नाहीस तर पाड्याच्या ग्रुपवर टाकीन.”

निरोप मिळताच वडील आले. “ताई, हा फोन फोडतो आणि पोरीला घरी नेतो,” म्हणाले. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शाळा सुटणार हिची. मीही चुकणारच होते. सल्ला विचारायला तो फोटो एका सहकाऱ्याला पाठवणार होते. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे फोन केला, म्हणून वाचले. तेथील वकील बाईंनी समजावलेल्या गोष्टी प्रत्येक पाड्यावर माहीत असायला हव्यात.

१. काहीही पुसू नका. धमकीचे मेसेज, खात्याचे नाव व लिंक, तारीख, वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. मूळ फोन जपून ठेवा.

२. फोटो पुढे पाठवू नका. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर असा फोटो पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू मदतीचा असला तरी धोका आहे.

३. तक्रार करा. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते. आम्हाला आधी “हद्द आमची नाही” असे उत्तर मिळाले. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा.

४. मूल असेल तर पोक्सो. २०१२ च्या या कायद्यात मुलाचे नाव, फोटो, शाळा उघड करण्यास मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. आमच्या मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यांनी साध्या वेशात वसतिगृहातच घेतला.

५. वकील मोफत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात समितीचे कार्यालय असते. १५१०० वरही विचारता येते. मुलांसाठी १०९८ आहे.

वडिलांना सर्वात जास्त धीर दिला तो या पाचव्या मुद्द्याने. “वकिलाला द्यायला बैल विकावा लागेल,” असे त्यांना वाटत होते. ही मदत म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे, हे कळल्यावर ते शांत झाले आणि अर्जावर सही केली.

तपास अजून चालू आहे. मुलगी आता बारावीत आहे.

बचत गटात व पालकसभेत चर्चेसाठी : आपल्या मुलीने असा मेसेज दाखवला तर आपला पहिला शब्द कोणता असेल? ती आपल्याला दाखवेल, असा विश्वास आपण तिला दिला आहे का?