अकाउंट्समध्ये संशोधन ते काय करायचं?

प्रश्न : माझी पुतणी बी.कॉम.ला आहे. सी.ए. व्हायचं सोडून तिला अकाउंट्समध्ये पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचंय. डेबिट-क्रेडिटचे नियम पाचशे वर्षांपूर्वीच ठरून गेलेत ना? मग हे प्राध्यापक संशोधन तरी कशावर करतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नियम जुने आहेत, हे खरं. लुका पाचोलीने ते १४९४ साली व्हेनिसमध्ये छापले. पण आकडे मांडून झाले की ते पाहून माणसं कशी वागतात, हा प्रश्न उरतोच आणि संशोधक त्याच्याच मागे लागलेले असतात.

येल विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले श्याम सुंदर यांचंच उदाहरण घ्या. मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. जमालपूरच्या रेल्वे संस्थेत शिकले, रेल्वेत नोकरी केली आणि मग अमेरिकेत जाऊन १९७४ साली कार्नेगी मेलनमधून डॉक्टरेट मिळवली. पुढे शिकागो, मिनेसोटा, कार्नेगी मेलन आणि येल इथे शिकवलं.

त्यांचा सुरुवातीचा विषय होता लिफो आणि फिफो. पुतणीला विचारा, तोंडपाठ असेल. व्यापाऱ्याने १० नग १०० रुपयांनी घेतले, भाव चढल्यावर आणखी १० नग १५० रुपयांनी घेतले आणि त्यांतले १० नग २०० रुपयांनी विकले. जुना माल आधी गेला असं धरलं (फिफो) तर नफा १,००० रुपये. नवा आधी गेला असं धरलं (लिफो) तर ५००. माल तोच, गिऱ्हाईक तेच. फरक इतकाच की, ५०० दाखवले तर कर कमी बसतो, म्हणजे गल्ल्यात पैसे जास्त राहतात. मग एखादी कंपनी लिफोकडे वळली, तर घटलेला नफा पाहून तिचा शेअर पडतो का? सुंदर यांनी अशा अमेरिकन कंपन्यांचे भाव तपासले. ते पडलेले नव्हते. उलट बदलाआधीच्या वर्षात सरासरीने वरच गेले होते. नंतरच्या काही अभ्यासांतून वेगळे निष्कर्ष निघाले आणि वाद बरीच वर्षं चालला. (आपल्याकडे लेखामानक २ लिफोला परवानगीच देत नाही.)

धनंजय गोडे यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी लिहिलेला निबंध तर भन्नाटच आहे. त्यांनी संगणकावर लिलाव मांडला. बोली लावणारे प्रोग्राम बिनडोक. मनाला येईल तो आकडा बोलायचे. बंधन एकच : घेणाऱ्याने वस्तूच्या त्याला असलेल्या मोलापेक्षा जास्त बोलायचं नाही आणि विकणाऱ्याने खर्चाखाली यायचं नाही. एवढ्यावर बाजारातून मिळू शकणारा जवळजवळ सगळा लाभ पदरात पडला. म्हणजे बाजाराची हुशारी बरीचशी त्याच्या नियमांत असते. अकाउंट्सवाल्याने हे शोधावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

शिकवण्याकडे त्यांची दृष्टी कशी, ते १९९७च्या ‘थिअरी ऑफ अकाउंटिंग अँड कंट्रोल’ या पुस्तकात दिसतं. त्यात कंपनी म्हणजे करारांचं जाळं. आपला सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा : ऊस घालणारे सभासद, कामगार, कर्ज देणारी बँक, कर घेणारं सरकार. कोणी काय घातलं, कोणाला काय देणं आहे आणि शब्द कोणी पाळला नाही, हे सगळ्यांना कळण्याची सोय म्हणजे हिशेब. जगभर एकच लेखामानक लादण्यालाही त्यांचा विरोध आहे. मानकांमध्ये स्पर्धा असावी, असं ते म्हणतात.

आता पुतणीविषयी. सी.ए. ‘सोडून’ असं ठरवायची घाई करू नका. यू.जी.सी.ने २०२१ साली सी.ए.ला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं आहे, त्यामुळे त्या वाटेनेही नेट आणि पीएच.डी.कडे जाता येतं. मात्र वाट कोणतीही धरली, तरी संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र तिला आतापासून मन लावून करायला सांगा. या क्षेत्रातले निबंध त्याशिवाय वाचताच येत नाहीत.