सर्व्हो मोटर गुणगुणतेय? लगेच बदलू नका

सीएनसी राउटर घेऊन दरवाजांच्या डिझाइनचं काम सुरू केलं, की एक तक्रार हमखास येते. कोपऱ्यावर कटर पुढे जातो, गोल नीट येत नाही, मशीन उभं असतानाही मोटर गुणगुणते. मग कोणीतरी सांगतं, मोटर बदला. थांबा, आधी अर्धा दिवस ट्यूनिंगला द्या.

त्याच्याही आधी डायल लावा. स्पिंडल बंद, सर्व्हो चालू, आणि गॅन्ट्री हाताने हलकेच दोन्हीकडे ढकला. डायलचा काटा हलतोय, पण ड्राइव्हवरचा एन्कोडरचा आकडा जागचा हलत नाही? मग प्ले मेकॅनिकल आहे, कोणताही गेन तो काढणार नाही. मी स्वतः दोन दिवस गेन फिरवत बसलो होतो. दोष निघाला कपलिंगच्या सैल स्क्रूत!

आता पीआयडी. पी म्हणजे जेवढी चूक तेवढा जोर. डी म्हणजे वेळेवर ब्रेक. आय म्हणजे उरलेली बारीक चूक साठवत जाऊन भरून काढणं. झेड अक्षावर स्पिंडलचं वजन खाली ओढतं, तिथे तो लागतोच. आय आणि डी शून्य ठेवा. १० मिमीची छोटी हालचाल देत पी हळूहळू वाढवा. मोटर गुणगुणायला लागली की साधारण निम्म्यावर या. मग थोडा डी, शेवटी आय. डी जास्त झाला तर एन्कोडरचा बारीक गोंगाटही वाढतो आणि मोटर खरखरते.

मेन्यूत डी सापडला नाही तर घाबरू नका. बऱ्याच सर्व्हो ड्राइव्हमध्ये वेगाच्या लूपला पी आणि आय, तर पोझिशनला फक्त पी असतो. आधी वेगाचा लूप बसवा, मग पोझिशनचा. उलटं केलंत तर दिवसभर झगडाल.

झिग्लर आणि निकोल्स यांचं १९४२ चं सूत्र नेटवर लगेच सापडतं. त्यात प्रत्येक हेलकावा आधीच्या चौथ्या भागाइतका उरेल, असं धरलेलं आहे. भट्टीच्या तापमानाला ते चालून जाईल, पण आपल्याकडे पहिल्याच हेलकाव्यात कटर लाकडात घुसलेला असतो, आणि सागाचा भाव तुम्हाला माहीत आहेच.

ऑटो-ट्यून वापरायचं तर लोड जोडूनच, इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून. जुन्या आकड्यांचा फोटो आधी काढून ठेवा. सगळं बसलं की १०० मिमीचा गोल कापा, कॅलिपरने दोन्ही अक्षांवर मोजा. तो तुकडा टाकू नका, पुढच्या गिऱ्हाइकाला तोच दाखवा.