पंखा बंद करून ऐका

पालकहो,

नवीन जालन्यातल्या दोन खोल्यांच्या घरात गाणं कसं रेकॉर्ड होतं, ते तुम्ही कधी पाहिलंय? दाराला गोधडी टांगलेली, खिडकीच्या फटीत जुनी साडी कोंबलेली. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद, कारण माइक त्याची घरघर पकडतो. नळ आला असेल तर गल्लीभर मोटारी सुरू असतात, म्हणून पोरगं रात्री अकराची वाट बघत बसतं. कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. चार मिनिटांच्या गाण्यात असे दोन-तीन आठवडे जातात. मग एक दिवस ते गाणं मोबाइलवर सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि सकाळी चहा पिताना आपण विचारतो, "किती झाले?"

मला या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

मी पेटी शिकवतो. मुलं गाणं कधी सोडतात, हे जवळून पाहत आलो आहे. लोकांनी ऐकलं नाही म्हणून सोडणारी मुलं थोडी. पण घरात रोज आकड्यांची चौकशी सुरू झाली की मूलही आपल्या चालीकडे त्याच नजरेने बघायला लागतं. जे चाललंय त्याची नक्कल करतं. नक्कल करून काही महिन्यांत कंटाळतं. आणि आपण म्हणतो, "बघा, याची हौस संपली." हौस संपलेली नसते हो, ती त्या नकलेखाली दबलेली असते.

तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 'जालना सोने का पालना' म्हणत आपण वाढलो. सळया टनांत मोजायच्या, माल क्विंटलात. या गावात कष्टाचं फळ मोजता येतं, आणि गाण्याचं मात्र पहिली कित्येक वर्षं मोजता येत नाही. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केला आहे: मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे स्वतःच्या गाण्यांवर घर चालेल ही आशा सुरुवातीला धरूच नये. पैसे येतात ते हळदीच्या कार्यक्रमातून, जयंतीच्या मंचावरून, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून, शिकवण्या घेऊन. ही कामं कमीपणाची नाहीत. "शेवटी लग्नातच वाजवतोस ना" हे वाक्य कृपा करून घरात उच्चारू नका. त्याच कमाईतून पुढचा माइक येतो.

भीमसेन जोशींच्या वडिलांची गोष्ट मला पालकांना नेहमी सांगावीशी वाटते. गदगचे गुरुराज जोशी शाळामास्तर. भीमसेन लहानपणी भजनाच्या मिरवणुकीमागे जायचे आणि दमून कुठेतरी झोपून जायचे. पोलिसात तक्रारी करून थकलेल्या वडिलांनी शेवटी मुलाच्या सदऱ्यावरच लिहून टाकलं, 'जोशी मास्तरांचा मुलगा', म्हणजे ज्याला सापडेल तो घरी आणून सोडेल. मला यातलं मोठेपण असं वाटतं की त्यांनी मुलाला कोंडून ठेवलं नाही. पुढे १९३३ साली अकरा वर्षांचे भीमसेन गुरूच्या शोधात घरातून पळाले. फिरत फिरत जालंधरला पोचले. वडिलांनी शोध काढून त्यांना परत आणलं. परत आल्यावर मुलाचं गाणं बंद झालं नाही. १९३६ मध्ये ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला लागले. त्या बापाला पुढचा भारतरत्न दिसत नव्हता, रात्री घरी न आलेला पोर तेवढा दिसत होता.

आता कुणी म्हणेल, भीमसेनांचं काय घेऊन बसलात. बरं, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं घ्या. 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं आणि घराघरांत मुलांना तेच ऐकवलं गेलं, "बघ, त्याला जमलं." त्या गाण्याआधी त्याने केलेली गाणी मात्र या वाक्यात कुणी मोजत नाही. तुमचं मूल कदाचित त्या आधीच्या गाण्यांपाशी असेल. मोजायचंच असेल तर एवढं मोजा: या वर्षी किती गाणी पुरी झाली, आणि मागच्या वर्षीपेक्षा गळा किंवा हात सुधारला का. हे घरातल्या माणसाला कान देऊन ऐकलं की कळतं.

एका बाबतीत मात्र तुमची व्यवहारी नजर मुलांच्या फार कामाची आहे. आपण सातबारा आणि खरेदीखत दहादा तपासतो, आणि मुलं कंपनीच्या करारावर न वाचता सही करतात. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. मुलाबरोबर बसून करार ओळ न् ओळ वाचा, त्या संस्थेचं सभासद होण्याची माहिती काढा. तुम्ही त्याच्या बाजूने बसला आहात हे त्याला कळण्याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

आणि आज रात्री जेवणं झाली की त्याला किंवा तिला म्हणा, "जे अजून पुरं झालं नाही ना, ते ऐकव." पंखा बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि ऐका.