न्यूयॉर्क राज्य : इतिहास, परंपरा आणि बाबासाहेबांची तीन वर्षे

किर्लोस्करवाडीहून पुण्याकडे निघालेली गाडी कराड मागे टाकते आणि थोड्याच वेळात मसूरचे छोटे स्थानक येते. आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रवास अनेकदा केला असेल. १९०१ साली याच स्थानकावर साताऱ्याकडून आलेली काही मुले उतरली. वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेल्या त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव होते. ही मुले महार जातीची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक जण तयार झाला. पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने शेजारून चालायचे, असे ठरले. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, तेच भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. इतिहासाच्या तासाला मी हा प्रसंग सांगितला की विद्यार्थी पदव्यांची यादी अचूक म्हणून दाखवतात. मात्र ‘ते राज्य कसे होते?’ असे विचारले, की उंच इमारती आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा यांपलीकडे उत्तर जात नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने न्यूयॉर्क राज्याचा इतिहास आणि तेथील परंपरा यांची थोडक्यात ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे. बाबासाहेबांना जेथे मोकळा श्वास घेता आला, त्या भूमीलाही समता आयती मिळालेली नव्हती, हे त्यातून ध्यानी यावे.

मूळ रहिवासी आणि त्यांचा महासंघ

न्यूयॉर्क म्हणजे केवळ एक महानगर नव्हे. आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या या राज्याची राजधानी ऑल्बनी येथे आहे. नद्या, सरोवरे, डोंगर आणि शेतीवाडी यांनी त्याचा मोठा भाग व्यापलेला आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वी तेथे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा महासंघ नांदत होता. अठराव्या शतकात तस्करोरा हे सहावे राष्ट्र त्यात सामील झाले. ‘लांब घरात राहणारे लोक’ अशा अर्थाचे ‘हौदेनोसौनी’ हे नाव ते स्वतःसाठी वापरतात. अनेक कुटुंबे एकाच लांब घरात राहत आणि कुळ आईकडून मोजले जाई. सभेत बसणारा प्रमुख कुळातील ज्येष्ठ स्त्रिया निवडत आणि तो चुकला तर त्याला पदावरून दूरही त्याच करत. शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे विणून करारांची स्मृती जतन केली जाई.

वारंवार एकत्र जमून विचारविनिमय करणाऱ्या वज्जींच्या गणसंघाची आठवण हे वाचताना आपल्याला झाल्यावाचून राहत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७९ साली, अमेरिकन सैन्याने या महासंघाची कितीतरी गावे आणि उभी पिके जाळली. त्यांची बहुतेक भूमी पुढे हातची गेली. तरीही हे लोक आजही तेथे आहेत आणि त्यांच्या सभा व उत्सव चालू आहेत.

कायदा आला, समता आली नाही

१६२४ च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी या प्रदेशात वसाहत केली. मॅनहॅटन बेटावरील त्यांच्या गावाचे नाव न्यू ॲमस्टरडॅम असे होते. १६६४ साली इंग्रजांनी ती वसाहत घेतली आणि यॉर्कच्या ड्यूकवरून तिला न्यूयॉर्क हे नाव दिले. डचांच्या काळापासूनच तेथे आफ्रिकेतून गुलाम आणले जात होते. शहराच्या उभारणीत त्यांचे श्रम होते, परंतु गावाच्या दफनभूमीत त्यांना जागा नव्हती. १९९१ साली मॅनहॅटनमध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खोदताना त्यांची वेगळी दफनभूमी सापडली. तेथून ४०० हून अधिक देहांचे अवशेष निघाले. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. गावाबाहेर वेगळी स्मशानभूमी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

‘पिंक्स्टर’ हा डचांचा वसंत ऋतूतील सण. गुलामांनी त्याला आपले रूप दिले. ढोल, नृत्य आणि आफ्रिकी गाणी यांनी ऑल्बनीचा पिंक्स्टर गाजू लागला, तेव्हा १८११ मध्ये नगर परिषदेने त्यावर बंदी घातली. दडपलेला समाज आपल्या सणात एकत्र येऊ लागला, की सत्तेला तो खुपतो, हे तेथेही खरे ठरले.

राज्याने १७९९ साली क्रमाक्रमाने मुक्ती देणारा कायदा केला आणि ४ जुलै १८२७ रोजी गुलामगिरी संपली. परंतु १८२१ च्या राज्यघटनेने गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट काढून टाकताना काळ्या पुरुषांसाठी मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट कायम ठेवली. ती निष्प्रभ होण्यासाठी १८७० ची १५ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली. गुलामगिरीचा अंत आणि समान मताधिकार यांत ४३ वर्षांचे अंतर पडले. राजकीय समता कागदावर आली तरी सामाजिक विषमता उरते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. न्यूयॉर्कचा इतिहास त्याच सत्याचे एक उदाहरण आहे.

कालव्याकाठची चळवळ

१८२५ साली ऑल्बनी ते बफेलो असा सुमारे ५८० किलोमीटरचा ईरी कालवा पुरा झाला. कालव्याच्या पाण्याने गावे कशी पालटतात, हे आपण कृष्णाकाठचे लोक जाणतो. ईरी कालवा मात्र नौकांच्या वाहतुकीसाठी होता. त्यातून धान्य गेले, माणसे गेली आणि नवे विचारही गेले. त्याच पट्ट्यातील रॉचेस्टर येथून, गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ साली ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र सुरू केले. काळ्यांनी चालवलेले देशातील पहिले वृत्तपत्र ‘फ्रीडम्स जर्नल’ हेही याच राज्यात, न्यूयॉर्क शहरात, १८२७ साली निघाले होते. आपले दुःख आपणच मांडावे, ही ती परंपरा. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’चे मोल यामुळे अधिक उमजते.

जुलै १८४८ मध्ये सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी मताधिकाराचा ठराव मांडला, तेव्हा अनेक जण कचरले. डग्लस यांनी त्याला ठाम पाठिंबा दिला आणि ठराव मंजूर झाला. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. राज्यातील स्त्रियांना मताधिकार मिळायला मात्र १९१७ साल उजाडले.

या राज्यात जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ यांची कथा मी मुलींना आवर्जून सांगतो. त्या जन्माने गुलाम होत्या आणि लिहितावाचता येत नव्हत्या. त्यांच्या लहान मुलाला बेकायदेशीरपणे अलाबामात विकण्यात आले, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १८२८ साली मुलाला परत मिळवले. कायदा अपुरा असतो. पण तो माहीत असलेल्या आईच्या हाती तो शस्त्र होतो.

अमेरिकेचा हा लढा महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीरावांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

लिव्हिंग्स्टन हॉलमधील विद्यार्थी

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भाथेना या पारशी मित्रासोबत ते राहिले. तेथे एकाच पंगतीत जेवताना, ग्रंथालयात शेजारी बसताना कोणी जात विचारली नाही. ज्याला शाळेत वेगळे बसावे लागले आणि नळाला हात लावता आला नाही, त्याला या गोष्टीचे अप्रूप किती वाटले असेल!

त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. जॉन ड्यूई, सेलिग्मन, रॉबिन्सन हे त्यांचे गुरू होते. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. मसूरच्या स्थानकावर ज्या व्यवस्थेने त्यांना अडवले होते, तिची शास्त्रीय चिकित्सा त्यांनी पंधरा वर्षांनी जगापुढे मांडली. याच काळात वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला.

विद्यापीठालगतच्या हार्लेम भागात काळ्यांची वस्ती वाढत होती. अन्यत्र घर मिळणे त्यांना कठीण होते. म्हणजे वसतिगृहातील समता ही संपूर्ण अमेरिकेची समता नव्हती. तो धागा बाबासाहेबांच्या मनात राहिला. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाने एलएल.डी. ही पदवी दिली.

आपण काय घ्यावे

परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी वसतिगृहांच्या कार्याला महत्त्व दिले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. एका छताखाली राहून, एका पंगतीत जेवून, एका दिव्याखाली वाचणारी मुले वेगळी घडतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. आपली निवासी शाळा याच वाटेवरची आहे.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी परदेशी गेले की गावात पेढे वाटले जातात. त्याचा आनंद आहेच. परंतु पगाराचा आकडा विचारण्याबरोबरच त्याला आणखी काही विचारावे. तू राहतोस त्या भूमीचे मूळ लोक कोण? तेथे कोणाला घर नाकारले जाते? अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांपैकी कोणाचे स्मारक तू पाहिलेस? आणि जे पालक इथेच आहेत, त्यांनी एखाद्या सुट्टीत मुलांना घेऊन मसूरच्या स्थानकावर उतरावे. फलाटावर उभे राहून त्यांना १९०१ चा तो प्रसंग सांगावा आणि मग १९१६ सालच्या निबंधाची गोष्ट सांगावी. या दोन प्रसंगांमधले अंतर कोणत्या बळावर कापले गेले, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.